वऱ्हाडीला कोड आहे, कोल्हापुरीला नाही: भाषांच्या संकेतांकांचा गुंता

मराठी वेबपानाच्या एचटीएमएलमध्ये अगदी वर ‘लँग’ या गुणधर्मापुढे दोन अक्षरं लिहिलेली असतात: ‘एमआर’. वाचणाऱ्याला ती दिसत नाहीत. पण पुढचा मजकूर मराठी आहे हे ब्राउझर, स्क्रीन रीडर, फॉन्ट आणि भाषांतराची यंत्रणा त्यांच्यावरूनच ओळखतात. तिथे चुकून ‘एचआय’ पडलं, तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचायला लागतो आणि ‘चमचा’तला च हिंदीतल्यासारखा ऐकू येतो. ज्या फॉन्टमध्ये मराठी ल आणि श यांची वेगळी वळणं दिलेली असतात, तोही मग हिंदी वळणं दाखवतो. मजकुरातलं एकही अक्षर बदललेलं नसतं. बदललेला असतो तो फक्त कोड.

(या लेखात कोडांची रोमन अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष वापरात ती रोमनच असतात.)

एवढ्या कामासाठी जगभर एकच यादी करावी आणि विषय संपवावा, असं कुणालाही वाटेल. देशांच्या बाबतीत ते बरंचसं जमलंय, कारण देश कोणते हे सांगायला सरकारं आणि संयुक्त राष्ट्रसंघ आहे. भाषेच्या बाबतीत निवाडा देणारं असं कुणी नाही. कोड द्यायच्या आधी ‘ही एक भाषा की दोन’ हे ठरवावं लागतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

याद्या कशा वाढत गेल्या

भाषांचे कोड आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ६३९ क्रमांकाच्या मानकात येतात. दोन अक्षरी कोडांचं मानक १९८८ चं. रोमन लिपीतून दोन अक्षरांच्या ६७६ जोड्याच होतात, त्यामुळे जगातल्या सगळ्या भाषा तिथे मावणार नव्हत्याच. आज त्यात १८० हून थोडेच जास्त कोड आहेत.

१९९८ मध्ये तीन अक्षरी यादी आली, ती मुख्यतः ग्रंथालयांच्या गरजेतून. तिची देखभाल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली. कोड मिळण्याची अटही ग्रंथपालाला शोभणारी होती: त्या भाषेतले किमान ५० दस्तऐवज एका संस्थेकडे, किंवा पाच संस्थांकडे मिळून, असायला हवेत. जिच्यात लिहिलं-छापलं गेलेलं नाही अशा बोलीला या दारातून प्रवेशच नव्हता. शिवाय ग्रंथालयांच्या लाखो तालिकापत्रांवर जुने कोड होते आणि ते बदलणं परवडणारं नव्हतं. म्हणून २० भाषांना दोन-दोन तीन अक्षरी कोड मिळाले. जर्मन भाषेला ग्रंथालयांत ‘जीईआर’, इतरत्र ‘डीईयू’. मराठी त्यातून वाचली. तिचा एकच, ‘एमएआर’.

खरी उडी २००७ ची. एसआयएल इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था जगभरच्या भाषांची पाहणी करून ‘एथ्नोलॉग’ ही सूची काढत होती. तिचे कोड जुन्या यादीशी जुळवून घेऊन मानकाचा तिसरा भाग तयार झाला आणि कोडांची संख्या सात हजारांच्या पुढे गेली. २०२३ मध्ये हे सगळे भाग एकाच मानकात एकत्र केले गेले, पण आतले सांधे अजून दिसतात.

त्यातला एक सांधा भारतीय सॉफ्टवेअरला फार छळतो. इंटरनेटवर भाषेचा टॅग, म्हणजे मजकुराची भाषा सांगणारी खूण, लिहायचा नियम असा की दोन अक्षरी कोड असेल तर तोच वापरायचा, नसेल तरच तीन अक्षरी. उद्या एखाद्या भाषेला नव्याने दोन अक्षरी कोड दिला, तर आधी टॅग केलेला सगळा मजकूर जुना ठरेल. म्हणून तीन अक्षरी कोड असलेल्या भाषेला दोन अक्षरी कोड द्यायचा नाही, असं ठरलं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी १६ भाषांकडे दोन अक्षरी कोड आहेत. बोडो, डोगरी, कोकणी, मैथिली, मणिपुरी आणि संथाली या सहांकडे नाहीत, आणि आता मिळणारही नाहीत.

यात बिघडतं काय? डेटाबेसमध्ये भाषेच्या रकान्याला दोनच अक्षरांची जागा ठेवली, आणि प्रणालीने तक्रार न करता तिसरं अक्षर छाटलं, तर कोकणीचा ‘केओके’ होतो ‘केओ’, म्हणजे कोरियन. संथालीचा ‘एसएटी’ होतो संस्कृत, मणिपुरीचा ‘एमएनआय’ मंगोलियन आणि बोडोचा ‘बीआरएक्स’ थेट फ्रान्सच्या किनाऱ्यावरची ब्रेटन. मैथिली आणि डोगरीचं नशीब त्यातल्या त्यात बरं: छाटलेले कोड कुणाचेच नाहीत, त्यामुळे निदान चूक लवकर सापडते. टॅगसाठी किमान ३५ अक्षरांची जागा ठेवा, असं इंटरनेटच्या मानकातच सुचवलेलं आहे.

एक भाषा की दोन?

मानकाच्या तिसऱ्या भागात हे ठरवायला तीन कसोट्या दिल्या आहेत. पहिली: दोन बोली बोलणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं मुद्दाम न शिकता कामापुरतं कळत असेल, तर ती एकच भाषा. दुसरी: जेमतेमच कळत असेल, पण दोघांचं साहित्य सामायिक असेल किंवा दोघंही एका मध्यवर्ती बोलीला आपली मानत असतील, तरीही एकच भाषा धरता येते. तिसरी कसोटी उलट दिशेची: नीट कळत असलं, तरी दोन्ही समाजांची ओळख पक्की वेगळी असेल, तर भाषा दोन. हिंदी आणि उर्दूला वेगळे कोड असण्यामागे हीच तिसरी कसोटी दिसते.

कागदावर हे ठीक आहे. पण ‘कामापुरतं कळणं’ हे एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी असू शकतं. पाठ्यपुस्तकं आणि टीव्हीमुळे वऱ्हाडातल्या माणसाला पुणेरी मराठी सहज कळते. पुण्यातल्या माणसाच्या कानावर वऱ्हाडी फारशी पडलेलीच नसते. मग मोजायचं कुणाचं कळणं? शिवाय बोली सलग बदलत जातात. शेजारच्या दोन गावांना एकमेकांचं सगळं कळतं, टोकाच्या दोन गावांना कळत नाही, आणि मधे रेघ मारायला जागा नसते.

वऱ्हाडीचंच घ्या. या यादीत ‘वऱ्हाडी-नागपुरी’ या नावाने तिला ‘व्हीएएच’ हा स्वतंत्र कोड आहे. नागपूरहून पुण्याला आलेल्याला दुभाषा लागत नाही, लिहिण्या-वाचण्याची भाषा सामायिक आहे, आणि बहुतेक वऱ्हाडी माणसं स्वतःला मराठीभाषकच म्हणवतात. पहिल्या दोन्ही कसोट्यांनी ही मराठीची बोली ठरायला हवी. पण ‘एथ्नोलॉग’च्या तोवरच्या नोंदी २००७ मध्ये मानकात आल्या, तेव्हा हीही आली. कोल्हापुरी तिथे स्वतंत्र नव्हती, म्हणून तिला कोड नाही. यात वऱ्हाडीचा मान वाढला किंवा कोल्हापुरीचा घटला असं काही नाही. नोंद बदलायची तर रीतसर अर्ज करावा लागतो, त्यावर जाहीर हरकती-सूचना मागवल्या जातात, मग निर्णय होतो. तोवर आहे ते चालू राहतं.

अहिराणी आणखी मजेशीर. आयएसओच्या यादीत अहिराणीचा कोड ‘एएचआर’ आणि खानदेशीचा ‘केएचएन’, म्हणजे दोन भाषा. भारताच्या जनगणनेत अहिराणी ही खानदेशीखाली मोजली जाते, म्हणजे एक. ग्रियर्सनच्या ब्रिटिशकालीन भाषा-सर्वेक्षणात खानदेशी भिल्ली भाषांसोबत आहे, मराठीच्या खंडात नाही. जळगाव-धुळ्याकडे मात्र तिला सर्रास मराठीची बोली म्हटलं जातं. मालवणीचंही तसंच: सिंधुदुर्गात तिला मराठीची बोली मानणारे पुष्कळ, पण जनगणना तिला कोकणीत धरते.

जनगणनेवर खापर फोडायचं कारण नाही. तिचं काम वेगळं आहे. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या, आणि दहा हजारांहून अधिक बोलणारे असलेल्या मातृभाषांची गटवारी करून शेवटी १२१ भाषा उरल्या. त्यात भोजपुरी हिंदीखाली जाते. आयएसओकडे तिचा स्वतःचा ‘बीएचओ’ आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकभाषा सर्वेक्षणात भारतात ७८० भाषा नोंदवल्या गेल्या. हे आकडे शेजारी मांडून ‘खरा कोणता’ असं विचारण्यात अर्थ नाही, कारण मोजलेली वस्तूच एक नव्हती. पण एका यादीतून दुसऱ्या यादीत डेटा न्यायचा असेल, तर एकास एक असा तक्ता बनत नाही, हे आधीच धरून चालावं.

कोकणीचे तीन कोड

१९९८ च्या यादीत जिथे एकच कोड होता, तिथे २००७ च्या यादीत काही वेळा अनेक भाषा निघाल्या. जुना कोड रद्द करणं शक्य नव्हतं, म्हणून एक युक्ती काढली: जुन्या कोडाला ‘मॅक्रोलँग्वेज’, म्हणजे समूहभाषा, म्हणायचं आणि नवे कोड त्याच्या पोटात घालायचे. चिनी, अरबी, नॉर्वेजियन अशा साठेक नोंदी आहेत. हा भाषाशास्त्राचा शोध नव्हे, दोन याद्यांमधला समेट आहे, हे लक्षात ठेवलं की बऱ्याच विसंगतींचा उलगडा होतो.

कोकणी ही अशी समूहभाषा. ‘केओके’च्या पोटात दोन कोड आहेत: गोव्याच्या कोकणीसाठी ‘जीओएम’, आणि नुसतंच कोकणी असं नाव असलेला ‘केएनएन’. आता गोव्यातला एक देवनागरी लेख घ्या. तो विकिपीडियावर गेला तर पत्त्यात ‘जीओएम’ लागतो. गूगल ट्रान्सलेटने २०२२ मध्ये कोकणी आणली तीही ‘जीओएम’ म्हणून. पण बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम ज्यावर चालतात तो तारखा, आकडे, महिन्यांची नावं यांचा युनिकोडचा सामायिक साठा कोकणीला ‘केओके’ म्हणतो. भाषा तीच, मजकूर तोच, शिक्के दोन. फक्त ‘केओके’ शोधून मजकूर गोळा करणाऱ्याच्या हातून विकिपीडिया निसटतो, आणि कोकणीत ऑनलाइन मजकूर फारच कमी आहे असा निष्कर्ष निघतो.

यावर लिपीचा थर वेगळाच. कोकणी देवनागरीत, रोमीत, कन्नड लिपीत लिहिली जाते. मल्याळम आणि फारसी-अरबी लिपीतही तिचं लेखन आहे. भाषेच्या कोडात यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे कोकणीच्या टॅगमध्ये लिपी सांगणं हा शौक नाही, गरज आहे.

मराठीला मात्र समूहभाषा केलेलं नाही. म्हणजे यंत्राच्या नजरेत वऱ्हाडी मराठीच्या पोटात नाही, शेजारीही नाही. दोघींचा काही संबंधच नाही. वऱ्हाडी ध्वनिमुद्रणांना ‘व्हीएएच’ लावलं, तर ‘एमआर’ मागणाऱ्याला ती कधीच मिळणार नाहीत.

टॅग कसा बांधायचा

प्रत्यक्ष कामात नुसता कोड वापरत नाहीत, टॅग वापरतात. तुकडे जोडरेषेने जोडायचे आणि क्रम ठरलेला: भाषा, लिपी, प्रदेश, उपप्रकार, मग खासगी भर. यंत्र टॅग जुळवताना उजवीकडून एकेक तुकडा सोडत जातं, म्हणून सगळ्यांत महत्त्वाचं ते डावीकडे.

लिपीचा कोड चार अक्षरी असतो. देवनागरीचा ‘डीईव्हीए’, पण मराठीला तो जोडत नाहीत. मराठी म्हटलं की देवनागरीच गृहीत धरावी, अशी नोंदच अधिकृत यादीत आहे. दप्तरखान्यातल्या मोडी कागदाचं लिप्यंतर मोडीतच टाइप केलं, तर ‘एमआर-मोडी’ (मोडीचा कोड रोमनमध्ये ‘मोडी’ हीच चार अक्षरं). व्हॉट्सअ‍ॅपवरची रोमन मराठी असेल, तर भाषा ‘एमआर’च राहते, पुढे रोमन लिपीचा ‘एलएटीएन’ लागतो. हा तुकडा विसरला की भाषा ओळखायला शिकणारं मॉडेल रोमन मराठीला इंग्रजी समजायला लागतं किंवा कचरा म्हणून फेकून देतं.

प्रदेशाचा तुकडा देशाचा असतो, जिल्ह्याचा नव्हे. सवयीने ‘एमआर-आयएन’ लिहिलं जातं, पण भारताबाहेरच्या मराठीपासून वेगळं दाखवायचं नसेल तर त्याने माहितीत काहीच भर पडत नाही. विदर्भ किंवा कोकण सांगायची सोय इथे नाही. टॅगला जोडायची पुरवणी (एक्सटेन्शन) वापरून फार तर राज्यापर्यंत जाता येतं.

उपप्रकार नोंदवलेलाच चालतो. जर्मनच्या १९०१ आणि १९९६ च्या लेखनपद्धतींसाठी तेच आकडे नोंदवलेले आहेत, आणि वैदिक संस्कृतसाठी ‘वैदिक’. नवा हवा तर इंटरनेटच्या नोंदणी यादीकडे अर्ज करायचा: पाच ते आठ अक्षरांचं नाव, अर्थाचा खुलासा, आधाराला ग्रंथ, मग किमान दोन आठवड्यांची जाहीर चर्चा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची, अनुस्वारांनी भरलेली मराठी आणि नंतरची मराठी हा फरक जुनी पुस्तकं स्कॅन करून वाचणाऱ्या यंत्रांसाठी जर्मनइतकाच कामाचा आहे. त्यासाठी हाच मार्ग.

उरली खासगी भर. ‘एक्स’ लिहून पुढे आपलं नाव, प्रत्येक तुकडा आठ अक्षरांपर्यंत. वऱ्हाडीसाठी ‘एमआर-एक्स-वऱ्हाडी’ (रोमनमध्ये सात अक्षरं) हा नियमात बसणारा टॅग आहे. तो मराठीच्या शोधात सापडतो, बोलीही सांगतो. फक्त बाहेरच्या प्रणालीला त्याचा अर्थ कळत नाही. मराठीचा भाग म्हणून वापरायच्या संग्रहाला हा टॅग ‘व्हीएएच’पेक्षा बरा, तुलनात्मक भाषाशास्त्राच्या संग्रहाला ‘व्हीएएच’. दोन्ही हवेत तर दोन रकाने करावेत. एका रकान्यात दोन कोड स्वल्पविरामाने घुसवू नयेत, ते पुढे कुणीतरी तोडतंच.

बोलींनाच मानक कोड देण्याचा प्रयत्न झाला होता. मानकाचा सहावा भाग २००९ मध्ये चार अक्षरी कोड घेऊन आला आणि २०१४ मध्ये मागे घेतला गेला. त्याचा उपयोग किती आणि तो सांभाळायचा कसा, याबद्दलच शंका होत्या. अडचण संख्येची नाही. बोली नुसती गावानुसार बदलत नाही. काळ, जात-समाज, प्रसंग, माध्यम यांनीही बदलते. एकच बाई घरी आगरी, बाजारात वेगळी आणि शाळेत प्रमाण मराठी बोलते. एका कोडात हे सगळं कोंबलं तर कोडांची संख्या फुगते, आणि तरी प्रत्येक नोंद अर्धवटच राहते. आता आयएसओच्या २१६३६ या मालिकेत या मिती वेगवेगळ्या नोंदवायची चौकट दिली आहे, आणि ती वाट जास्त शहाणपणाची वाटते.

नेहमीच्या ठेचा

भाषेचा कोड आणि देशाचा कोड यांची गल्लत ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. ‘एमआर’ भाषा असेल तर मराठी, देश असेल तर मॉरिटानिया. ‘एमएआर’ हा देश म्हणून मोरोक्को आहे. कोरियनसाठी अनेक जण ‘केआर’ लिहितात. भाषांच्या यादीत ती आफ्रिकेतली कानुरी. भाषा लहान रोमन अक्षरांत आणि देश मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहायचा संकेत आहे, पण यंत्र लहान-मोठं मानत नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नये.

जुने कोड मरत नाहीत. हिब्रूचा ‘आयडब्ल्यू’ १९८९ मध्ये बदलून ‘एचई’ झाला. जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा २०२१ पर्यंत आतून जुनाच वापरत होती. विकिपीडियाच्या पत्त्यांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक: तिथला ‘एएलएस’ म्हणजे आलेमानिश, मानकात तोच कोड टोस्क अल्बेनियन. स्वित्झर्लंडकडचा मजकूर अल्बेनियन म्हणून डेटासेटमध्ये शिरायला एवढं पुरतं.

भाषा माहीत नसेल तर अंदाजाने ‘एमआर’ लावू नये. त्यासाठी ‘यूएनडी’ आहे. लिपी दिसते पण भाषा कळत नाही, अशा स्कॅनसाठी ‘यूएनडी-डीईव्हीए’. अनेक भाषांची सरमिसळ असेल तर ‘एमयूएल’, भाषाच नसलेल्या फाइलीला, म्हणजे नुसत्या वाद्यसंगीताला वगैरे, ‘झेडएक्सएक्स’. ‘क्यूएए’पासून ‘क्यूटीझेड’पर्यंतचे ५२० कोड कुणालाही आपल्या घरात वापरायला मोकळे ठेवलेले आहेत. घराबाहेर पाठवायच्या फाइलीत मात्र ते नसावेत.

कोड फुटतो तेव्हा

गोंडीचा ‘जीओएन’ हीही समूहभाषा. पूर्वी तिच्यात दोन नोंदी होत्या: उत्तर गोंडी ‘जीएनओ’ आणि दक्षिण गोंडी ‘जीजीओ’. २०१६ मध्ये दक्षिण गोंडीचा कोड निवृत्त झाला आणि तिच्या दोन भाषा झाल्या: अहेरी गोंडी ‘ईएसजी’ आणि आदिलाबाद गोंडी ‘डब्ल्यूएसजी’. निवृत्त कोड कधीच दुसऱ्या भाषेला देत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण ज्या फाइलींवर ‘जीजीओ’ लिहिलेलं आहे, त्यांचं काय? दोन कोड एकत्र होतात तेव्हा यंत्र ते आपोआप बदलू शकतं. एकाचे दोन होतात तेव्हा नाही; प्रत्येक फाइल ऐकूनच ठरवावं लागतं, आणि ऐकून ओळखणारा माणूस हाताशी असतोच असं नाही.

म्हणून कोणत्याही भाषासंग्रहात कोडाच्या शेजारी आणखी चार रकाने हवेत: बोलणाऱ्याने स्वतः सांगितलेलं भाषेचं नाव, जसंच्या तसं, गाव आणि तालुका, लिपी, आणि कोड कोणत्या तारखेच्या यादीवरून लावला ती तारीख. तालुका अहेरी लिहिलेला असेल तर ‘जीजीओ’ची फाइल ‘ईएसजी’ होण्याची शक्यता मोठी, तपासणी हातासरशी उरकते. तालुकाच नसेल, तर अंदाजाने दोनपैकी एक कोड लावण्यापेक्षा वरच्या ‘जीओएन’वर परत जावं. तो मोघम आहे, पण चुकीचा नाही.